वखारीची जागा : कामरेज, सुरत आणि मुंबई
(बहुनिकष निर्णयपद्धतीच्या दृष्टीने एक ऐतिहासिक विचार)

प्रस्तावना

परदेशात कारखाना काढावयाचा तर तो नेमका कोठे काढावा, हा प्रश्न आज व्यवस्थापनशास्त्राच्या अभ्यासक्रमात शिकवला जातो. कच्चा माल, मजुरी, बंदर, रस्ते, कर, सरकारी धोरण, सुरक्षितता असे अनेक निकष एकाच वेळी पाहावे लागतात. एका निकषावर सरस ठरलेली जागा दुसऱ्यावर बहुधा मागे पडते. म्हणून प्रत्येक निकषाला त्याच्या महत्त्वाप्रमाणे भार द्यावयाचा, प्रत्येक जागेला गुण द्यावयाचे आणि मग हिशेबाने निवड करावयाची, अशा रीती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विकसित झाल्या. त्यांना बहुनिकष निर्णयपद्धती म्हणतात. प्रस्तुत लेखात हीच दृष्टी इंग्रज ईस्ट इंडिया कंपनीच्या सुरतेतील वखारीला लावून पाहण्याचा प्रयत्न केला आहे. मात्र आरंभ सुरतेपासून न करता तापीच्या काठाने थोडे वर असलेल्या कामरेजपासून केला आहे. या नदीवर परदेशी व्यापाऱ्यांनी जागा शोधण्याची परंपरा इंग्रजांपेक्षा पुष्कळ जुनी आहे.

प्रथम शब्दाविषयी. इंग्रज ज्याला ‘फॅक्टरी’ म्हणत त्याला आपल्याकडे ‘वखार’ म्हटले गेले. उर्दू लेखनात ‘कोठी’ हा शब्द रूढ आहे. ‘फॅक्टर’ म्हणजे मालकाच्या वतीने परमुलखात खरेदी-विक्री करणारा गुमास्ता. अशा गुमास्त्यांच्या राहण्याची, हिशेबाची आणि माल साठवण्याची जागा म्हणजे फॅक्टरी. ‘कारखाना’ हा फारसी शब्द मोगल काळात शाही कार्यशाळांसाठी वापरला जाई आणि त्याचा वखारीशी संबंध नव्हता. सतराव्या शतकातील वखारीत सहसा काही तयार होत नसे. माल तयार होई तो विणकरांच्या घरी, त्यांच्या मागावर. हा भेद ध्यानात ठेवला नाही तर पुढील विवेचनातील एक महत्त्वाची गोष्ट नजरेतून सुटेल.

कामरेज : नदीवरील जुने बंदर

इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरी मार्गदर्शिकेत भडोचच्या आखाताच्या तोंडाशी ‘कम्मोनी’ नावाच्या गावाचा उल्लेख आहे. अनेक अभ्यासक हे गाव म्हणजेच कामरेज असे मानतात. सातव्या शतकातील गुजरातच्या चालुक्यांच्या ताम्रपटात येणारा ‘कार्मणेय आहार’ हा प्रदेशही कामरेजभोवतालचा समजला जातो. २००३ मध्ये सुनील गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी येथे उत्खनन केले. त्यात सागरी व्यापाराची साक्ष देणारी परदेशी बनावटीची मातीची भांडी मिळाली आणि प्राचीन बंदर म्हणून कामरेजची चर्चा नव्याने सुरू झाली.

‘पेरिप्लस’मध्ये जागेच्या निवडीसंबंधी दोन गोष्टी आल्या आहेत. भडोचच्या आखातात उथळ जागा आणि भरतीचा जोर एवढा होता की परकी जहाजे आपल्या बळावर आत शिरू शकत नसत. राजाच्या नोकरीतील स्थानिक कोळी आपल्या नावा घेऊन समोर जात आणि जहाजे बंदरात आणून सोडत. म्हणजे बंदर धोक्याचे होते, तरी राजसत्तेने माणसे नेमून तो धोका कमी केला होता. दुसरी गोष्ट महाराष्ट्राशी संबंधित आहे. पूर्वी भरभराटीला आलेल्या कल्याण बंदरात जाणारी ग्रीक जहाजे अडवून पहाऱ्यात भडोचला नेली जात, असे हा लेखक सांगतो. कल्याणचे बंदर वाईट नव्हते आणि त्याच्या मागे सातवाहनांचा संपन्न मुलूख होता. परंतु एका सत्तेने मना केले आणि बाकी सारे गुण निरुपयोगी ठरले.

पुढील काळात तापीवरील व्यापार हळूहळू समुद्राकडे सरकत गेलेला दिसतो. सोळाव्या शतकाच्या आरंभी नदीच्या उत्तर काठावरचे रांदेर नवायत मुस्लिम व्यापाऱ्यांमुळे गाजले होते. १५३० मध्ये पोर्तुगीजांनी रांदेर आणि सुरत दोन्ही जाळली. त्यानंतर गुजरातच्या सुलतानाचा तुर्क सरदार खुदावंद खान याने सुरतेचा किल्ला बांधला आणि हळूहळू रांदेरचे महत्त्व सुरतेकडे गेले. १५७३ मध्ये अकबराने सुरत घेतली. हजच्या यात्रेकरूंचे हे मुख्य बंदर झाले. ‘बाब-उल-मक्का’ हे त्याचे नाव त्यामुळेच पडले. १६४४ मध्ये हकीकत खानाने यात्रेकरूंसाठी बांधलेली मुघल सराय आजही उभी आहे आणि तीत महानगरपालिकेची कचेरी आहे. कामरेज मात्र नदीवरचे एक गाव होऊन मागे राहिले. पुढे मराठ्यांच्या काळात ते गायकवाडांकडे गेले आणि बडोदे संस्थानाच्या नवसारी प्रांतात तालुक्याचे ठिकाण बनले.

निर्णयाची पद्धत आणि तिचा एक दोष

अनेक निकष तोलून निर्णय घेण्याची लेखी रीत पुष्कळांच्या मते बेंजामिन फ्रँकलिनच्या १७७२ च्या एका पत्रात आढळते. जोसेफ प्रीस्टली या शास्त्रज्ञाला त्याने सल्ला दिला की, कागदाचे दोन भाग करावेत, अनुकूल व प्रतिकूल मुद्दे समोरासमोर लिहावेत आणि सारख्या वजनाचे मुद्दे खोडत जावे. १९०९ मध्ये आल्फ्रेड वेबर या जर्मन अर्थशास्त्रज्ञाने कारखान्याच्या जागेचा सिद्धांत मांडला; त्यात वाहतूकखर्चाला प्रमुख स्थान होते. १९७० च्या दशकात थॉमस साटी याने दोन-दोन निकषांची तुलना करून त्यांना १ ते ९ या पट्टीवर सापेक्ष महत्त्व देण्याची पद्धत प्रचारात आणली. ती आज सर्वाधिक वापरली जाते.

या पद्धतींपैकी सर्वांत सोपी म्हणजे भारित बेरीज. तिच्यात एक दोष आहे. एका निकषावरील घातक कमतरता दुसऱ्या निकषांवरील भरघोस गुणांनी झाकली जाते. बेर्नार रॉय या फ्रेंच गणितज्ञाने १९६० च्या दशकात वेगळी वाट काढली. त्याच्या परंपरेतील पद्धतींत नकाराधिकाराची मर्यादा ठरवता येते. एखाद्या निकषावर पर्याय ठरावीक पातळीच्या खाली गेला, तर बाकीचे गुण कितीही असोत, त्याला दुसऱ्यापेक्षा सरस म्हणता येत नाही.

ही कल्पना या नियतकालिकाच्या वाचकांना अगदीच अपरिचित वाटू नये. हज फर्ज होण्यासाठी ऐपतीबरोबर वाट सुरक्षित असणे ही अट फिक्हमध्ये चर्चिली गेली आहे. अकबराच्या काळात मख्दूम-उल-मुल्क अब्दुल्ला सुलतानपुरी याने असे मत दिले होते की, खुष्कीच्या मार्गावर इराणात किझिलबाशांचा उपद्रव आणि समुद्रमार्गावर मरियम व ईसा यांची चित्रे असलेले पोर्तुगीज परवाने घ्यावे लागतात. म्हणून हिंदुस्थानच्या मुसलमानांवर हज फर्ज राहत नाही. बदायुनीने हे मत नोंदवले आहे ते कौतुकाने नव्हे, आणि त्या मताच्या योग्यायोग्यतेत येथे शिरण्याचे कारणही नाही. परंतु युक्तिवादाची बांधणी पाहिली तर ती भारित बेरजेची नसून नकाराधिकाराची आहे.

सुरतेची निवड

इंग्रजांना सुरत हवी होती ती मुख्यतः जावा-सुमात्राकडील मसाल्यांसाठी. त्या बेटांवर इंग्लंडच्या लोकरी कापडाला गिऱ्हाईक नव्हते. गुजरातच्या सुती कापडाला मात्र पिढ्यान्‌पिढ्या मागणी होती. बांतामच्या वखारीला माल पुरवायचा तर गुजरातेत पाय रोवणे भाग होते. याशिवाय सरखेजची नीळ होती, भडोचचे बाफ्ता होते आणि नंदुरबार-बऱ्हाणपूरमार्गे आग्र्याला जाणारा रस्ता होता. आपला खानदेश या रस्त्यावरच येतो.

ऑगस्ट १६०८ मध्ये विल्यम हॉकिन्स ‘हेक्टर’ जहाजाने सुरतेला आला. त्याला तुर्की येत असल्याने जहांगीरशी दुभाष्याशिवाय बोलता आले. त्याला चारशेची मनसबही मिळाली. पण वखारीचा पक्का परवाना मिळाला नाही. पोर्तुगीजांचा विरोध होता, सुरतेचा कारभार पाहणारा मुकर्रब खान प्रतिकूल होता आणि स्थानिक व्यापाऱ्यांनाही पोर्तुगीजांचा रोष नको होता. १६११ मध्ये हॉकिन्स आग्रा सोडून निघाला. त्याच वर्षी सर हेन्री मिडल्टन आला. पोर्तुगीज आरमाराने त्याला तापीच्या मुखाशी रोखले. परंतु याच खटपटीत सुवाळीचा तळ इंग्रजांना सापडला. किनारा आणि वाळूचा दांडा यांच्या मधला हा खोल पट्टा होता. मोठी जहाजे तेथे सुरक्षित उभी राहू शकत. नदीत न शिरता सुरतेशी व्यापार करण्याची सोय झाली. बंदराच्या निकषावर सुरतेचे गुण एकदम वाढले ते या शोधामुळे.

मिडल्टन पुढे दाभोळला गेला, पण त्याचे तेथे फारसे साधले नाही. १६१२ मध्ये त्याने तांबड्या समुद्रात गुजरातची जहाजे अडवून जबरदस्तीने व्यवहार केले. त्यांत जहांगीरच्या आईचे ‘रहीमी’ हे जहाजही होते. इंग्रजांना परवाना मिळाला तो केवळ मर्जीने असे पुष्कळ पुस्तकांत ध्वनित होते. या घटनेची भीतीही त्यामागे होती हे विसरता कामा नये.

सप्टेंबर १६१२ मध्ये थॉमस बेस्ट आला. ऑक्टोबरमध्ये सुरतेच्या अधिकाऱ्यांशी करार झाला. त्यात जकात साडेतीन टक्के ठरली. नोव्हेंबरच्या अखेरीस सुवाळीजवळ पोर्तुगीजांच्या चार मोठ्या युद्धजहाजांशी इंग्रजांच्या दोन जहाजांची लढाई झाली आणि किनाऱ्यावरून ती पाहणाऱ्यांचे मत पालटले. तरीही बेस्ट निघून जाण्याच्या विचारात होता. मुक्काम सोडू नये असा आग्रह थॉमस ऑल्डवर्थ या गुमास्त्याने धरला आणि तो सुरतेतच राहिला. जानेवारी १६१३ मध्ये फर्मान हाती आले. इतिहासात ज्याला कंपनीचा निर्णय म्हटले जाते, तो प्रत्यक्षात एका गुमास्त्याच्या हट्टाचा बराच भाग आहे.

दुसऱ्या बाजूनेही निवड चालू होती. त्याच वर्षी पोर्तुगीजांनी ‘रहीमी’ पकडून नेले. यात्रेकरूंचे आणि राजमातेचे जहाज सुरक्षित नाही हे दरबाराला उघड दिसले. मोगलांजवळ खोल समुद्रात लढणारे आरमार नव्हते. पोर्तुगीजांना शह देणारा आणि चांदी आणणारा पाहुणा त्यांना उपयोगी होता. सर टॉमस रो १६१६ मध्ये अजमेरला जहांगीरच्या दरबारात पोहोचला तेव्हा त्याला हेच जाणवले की, वखारीचे आयुष्य दरबाराच्या मर्जीवर अवलंबून आहे. तरीही किल्ले बांधून जमिनीवर लढण्यापेक्षा शांतपणे व्यापार करावा, असाच सल्ला त्याने कंपनीला दिला.

हिशेबात नसलेले विणकर

१६३० ते १६३२ या काळात गुजरातवर भीषण दुष्काळ आणि त्यापाठोपाठ पूर व रोगराई आली. नोव्हेंबर १६३० मध्ये पीटर मंडी हा इंग्रज गुमास्ता सुरतेहून व्यारा, नंदुरबारमार्गे बऱ्हाणपूरला निघाला. वाटेत पडलेली प्रेते आणि ओस गावे त्याने आपल्या रोजनिशीत नोंदवली आहेत. विणकर मेले, उरलेले पोटासाठी देशोधडीला लागले. कापडाचा पुरवठा तुटला आणि भाव चढले.

कंपनीच्या पत्रव्यवहारात या आपत्तीचा पुढचा भाग खरेदीच्या भाषेत येतो. कोरोमंडल किनाऱ्याच्या कापडावर भर वाढला. १६३५ मध्ये सिंधमधील ठठ्ठा येथे वखार काढली गेली. व्यापाराच्या दृष्टीने हे शहाणपणाचे होते यात शंका नाही. एका ठिकाणचा माल आटला की दुसरीकडे जावे, हे कोणतीही निर्णयपद्धती सांगेल. पण ज्या गुणामुळे सुरत निवडली गेली तो ‘कापडाचा पुरवठा’ म्हणजे माणसे होती. हिशेबाच्या कागदावर त्यांच्यासाठी स्वतंत्र रकाना नव्हता. गुमास्त्याला जागा बदलता येत होती आणि त्यासाठी वखारीची मंजुरी मिळत होती. विणकराला जागा बदलावी लागली तेव्हा त्याच्याजवळ आगाऊ रक्कम नव्हती, परवाना नव्हता आणि बहुधा बैलगाडीही नव्हती.

सुरत की मुंबई

जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी सुरतेवर स्वारी केली. सुभेदार इनायत खान किल्ल्यात जाऊन बसला. इंग्रजांनी जॉर्ज ऑक्झेंडनच्या नेतृत्वाखाली वखार राखली. शेजारच्या हाजी सईद बेगचा वाडा आणि वीरजी व्होराची पेढी लुटली गेली. औरंगजेबाने व्यापाऱ्यांना वर्षभराची जकात माफ केली. ऑक्टोबर १६७० मध्ये दुसरी स्वारी झाली. तत्पूर्वी १६६१ मध्येच राजापूरच्या इंग्रज वखारीला मराठ्यांशी केलेल्या आगळिकीची किंमत मोजावी लागली होती.

दरम्यान मुंबई बेट १६६१ च्या विवाहकराराने इंग्लंडच्या राजाकडे आणि १६६८ मध्ये वर्षाला १० पौंड भाड्याने कंपनीकडे आले. १६६९ पासून सुरतेचा अध्यक्ष असलेला जेराल्ड आँजियर मुंबईचा आग्रही पुरस्कर्ता होता. त्याने व्यापाऱ्यांना आणि विणकरांना तेथे बोलावले, धर्माचरणाची मोकळीक दिली. १६८७ मध्ये पश्चिम किनाऱ्यावरील मुख्य ठाणे मुंबईला हलवले गेले.

हा बदल भारित बेरजेत कसा दिसेल, हे समजण्यासाठी एक कल्पित हिशेब मांडता येईल. यातील आकडे कोणत्याही दफ्तरातील नाहीत, केवळ उदाहरणापुरते घेतले आहेत. मालाचा पुरवठा, सत्तेची अनुकूलता, जहाजांचा तळ आणि संरक्षण असे चार निकष धरू. दहापैकी सुरतेला अनुक्रमे ९, ८, ४, ३ आणि मुंबईला २, ४, १०, ९ गुण देऊ. पहिल्या वेळी निकषांचे भार ४०, ३०, २० आणि १० टक्के धरले तर सुरतेला ७.१ आणि मुंबईला ४.९ मिळतात. आता गुणांना हात न लावता भार तेवढे बदलू : २०, १०, ३० आणि ४० टक्के. सुरत ५.० वर येते आणि मुंबई ७.४ वर जाते. दोन्ही शहरे आहेत तशीच आहेत. मोजणाऱ्याची भीती तेवढी बदलली आहे. (१६१२ मध्ये मुंबई पोर्तुगीजांकडे असल्याने ती मुळातच यादीबाहेर होती. तेथे बेरजेचा प्रश्नच नव्हता, नकाराधिकाराचा होता.)

गुण तरी कितपत विश्वासार्ह? मुंबईच्या संरक्षणाला ९ गुण देणाराची फजिती लवकरच झाली. कंपनीने १६८६ मध्ये मोगलांशी युद्ध ओढवून घेतले आणि १६८९ मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दी याकूत खानाने मुंबईत उतरून बेटाचा बहुतेक भाग व्यापला. इंग्रज किल्ल्यात कोंडले गेले. १६९० मध्ये दीड लाख रुपये दंड भरून आणि माफी मागून त्यांनी सुटका करून घेतली. सुरक्षित म्हणून निवडलेली जागा स्थलांतरानंतर अवघ्या दोन वर्षांत वेढली गेली होती. मुंबईच्या हवेने इंग्रज झपाट्याने मरत होते तो निकष तर वरच्या यादीत घेतलेलाच नाही.

सुरतही १६८७ मध्ये संपली नाही. मुल्ला अब्दुल गफूर या बोहरा व्यापाऱ्याच्या जहाजांचा ताफा त्यानंतर ऐन भरात होता. १७१८ मध्ये त्याचा मृत्यू झाला. सुरतेचा खरा ऱ्हास अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातला, आणि त्याची कारणे मोगल, सफवी व उस्मानी या तिन्ही साम्राज्यांच्या पडझडीशी जोडलेली आहेत, असे अशीन दास गुप्ता यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात दाखवले आहे. इंग्रज गेले म्हणून सुरत बुडाली, हे सोपे उत्तर त्यामुळे सोडून द्यावे लागते.

कामरेज तालुक्यातून समुद्रापार

कामरेज तालुक्यातील कठोर आणि तापीच्या मुखाकडील रांदेर या गावांतून एकोणिसाव्या व विसाव्या शतकांत सुन्नी बोहरा व अन्य मुस्लिम कुटुंबे व्यापारासाठी रंगून, मॉरिशस आणि दक्षिण आफ्रिकेतील नाताळ येथे गेली. आता परमुलखात जागा शोधणारे सुरतेकडचे होते. त्यांनी कोणते निकष लावले याचे तक्ते कोणी केले नाहीत, परंतु वस्तीचा आकार पाहिला की काही गोष्टी कळतात. जेथे एक गावकरी स्थिरावला तेथे दुसरा गेला. दुकानाबरोबर मशीद आणि मदरसा आला. रंगूनमध्ये सुरती जामा मशीद आणि सुरती बडा बाजार या नावांनी ही वस्ती ओळखली जाई. कंपनीच्या यादीत नसलेला ‘आपले माणूस’ हा निकष येथे सर्वांत जड होता.

मात्र सत्तेची अनुकूलता या निकषाने त्यांनाही गाठले. १९६२ मध्ये बर्मात लष्करी राजवट आली आणि पुढील दोन वर्षांत दुकाने व व्यापारी पेढ्या सरकारने ताब्यात घेतल्या. पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहिलेली हिंदी कुटुंबे हातातील सामानानिशी जहाजांत बसली. त्यांतील काही तापीच्या काठी परतली.